मातीवरची शर्यत

पवना नदीच्या काठचे रावेत हे एके काळी शेतीवाडीचे गाव होते. आज त्याच्या आसपास कारखान्यांचा मोठा विस्तार झाला आहे. शेजारच्या आकुर्डीत आणि पलीकडे चाकणला दुचाकी गाड्या तयार होतात. या भागातील पुष्कळ घरांत कोणी ना कोणी यंत्राचा एखादा भाग घडविणारे असते. त्यामुळे येथील मुलांना मोटारसायकलीचे नवल वाटत नाही. परंतु तीच मोटारसायकल शर्यतीत धावताना प्रथमच पाहणे, हा अनुभव निराळाच असतो.

अशी संधी रावेतच्या जवळच, बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात, २८ जानेवारी २०२४ रोजी आली. इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी त्या दिवशी तेथे झाली. सुपरक्रॉस म्हणजे मैदानात मातीचे उंचवटे रचून त्यांवरून केलेली मोटारसायकलींची शर्यत. १९७२ साली अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराच्या क्रीडांगणात झालेल्या एका शर्यतीपासून हा प्रकार लोकप्रिय झाला.

प्रारंभी सारे स्वार एका ओळीत उभे राहतात. त्यांच्यापुढे आडवे फाटक असते. ते एकाच क्षणी सर्वांसाठी खाली पडते आणि कानठळ्या बसविणारा आवाज करीत गाड्या पहिल्या वळणाकडे झेपावतात. पाहता पाहता एखादा स्वार उंचवट्यावरून गाडीसह हवेत उडतो. प्रथम पाहणाऱ्याचा श्वास क्षणभर रोखला जातो. आता हा पडणार, असे त्याला वाटते. पण स्वार अलगद खाली येतो आणि पुढे निघून जातो.

हा चमत्कार नव्हे. त्यामागे हिशेब आहे. स्वार सपाट जमिनीवर न उतरता पुढील उंचवट्याच्या उतरत्या बाजूवर उतरतो. त्यामुळे गाडी जमिनीवर आदळत नाही. उतारावरून घसरत पुढे जाते. ओट्यावरून उडी मारणारे मूल गुडघे वाकविते, त्याप्रमाणे स्वारही पायटेकूंवर उभा राहून गुडघे वाकवितो. उरलेला धक्का गाडीच्या लांब स्प्रिंगा झेलतात. वेग थोडा कमी पडला, तर उडी अपुरी पडते. अधिक झाला, तर उतार मागे राहतो आणि गाडी सपाट जमिनीवर आदळते. म्हणून नुसते धाडस येथे उपयोगी पडत नाही.

शर्यतीतील सर्वांत महत्त्वाची माणसे मात्र धावत नसतात. ती हातात झेंडे घेऊन उंचवट्यांजवळ उभी असतात. त्यांना मार्शल म्हणतात. उंचवट्यापलीकडे कोणी पडले असेल, तर ते मागून येणाऱ्या स्वाराला दिसत नाही, मार्शलला दिसते. त्याने पिवळा झेंडा हालविताच स्वाराने सावध व्हावयाचे असते. पुढच्याला मागे टाकण्याची संधी समोर असली, तरी ती सोडून द्यावी लागते. उडी न मारता उंचवटा चाकांवरूनच ओलांडावा लागतो. पडलेल्या प्रतिस्पर्ध्याचे प्राण या शिस्तीवर अवलंबून असतात. जो वेग आवरू शकतो, त्यालाच वेगाने धावण्याचा अधिकार मिळतो.

शर्यत संपून काळ्यापांढऱ्या चौकटींचा झेंडा फडकला, म्हणजे प्रेक्षक घरोघर परततात. रावेतच्या शेजारी, किवळ्याजवळ, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे टोक आहे. तेथे वाहनांची अखंड रीघ असते. या रस्त्यावर मातीचा उतार नाही आणि वळणापलीकडे पाहून पिवळा झेंडा दाखविणारा मार्शलही नाही. म्हणूनच सार्वजनिक रस्त्यावर विनापरवानगी शर्यत लावणे हा कायद्याने गुन्हा ठरतो. मैदानावर मार्शलचे डोळे स्वाराला वाचवितात. रस्त्यावर ते काम प्रत्येकाला स्वतःच्या डोळ्यांनी आणि स्वतःच्या विवेकाने करावे लागते.