फळझाडाचे बिऱ्हाड

बदलीचा हुकूम येतो, सामान बांधले जाते आणि मग अंगणातल्या लिंबाच्या झाडाकडे लक्ष जाते. पाच-सहा वर्षे वाढवलेले, आता कुठे फळू लागलेले. ते मुळासकट नेता येणार नाही का?

येईल, पण ‘मुळासकट’ हा शब्द फसवा आहे. जाड मुळे झाडाला आधार देतात. पाणी शोषतात ती बारीक मुळे आणि त्यांवरचे मूलरोम. ही मुळे बहुतांशी वरच्या अर्ध्या-पाऊण मीटर मातीत, पानांच्या घेराबाहेरही पसरलेली असतात. बुंध्याभोवती खणले की नेमकी तीच मागे राहतात. वर पाने तेवढीच, बाष्पोत्सर्जन तेवढेच, पुरवठा मात्र तुटपुंजा. मग झाड कोमेजते. अशा वेळी कोणी तरी हमखास रासायनिक खत टाकतो! क्षार वाढल्याने मुळांना पाणी घेणे आणखीच जड जाते.

उपाय आधीच करावा लागतो. तीन-चार महिने अगोदर बुंध्यापासून सुमारे २५ सेंमी अंतरावर अर्धवर्तुळाकार चर खणून त्या बाजूची मुळे धारदार हत्याराने तोडावीत आणि चर माती व कुजलेल्या शेणखताने भरावा. काही आठवड्यांनी दुसरी बाजू. तोडलेल्या टोकांजवळ नवी बारीक मुळे फुटतात. पावसाळी दमट हवेत, फांद्या थोड्या विरळ करून, चराच्या किंचित बाहेरून खणावे. मुळांभोवतीचा मातीचा गोळा, म्हणजे हुंडी, गोणपाटात घट्ट बांधावी आणि झाड पूर्वीच्याच खोलीवर लावावे.

हुंडीचे वजन मुलांना काढायला सांगा. व्यास ६० सेंमी, खोली ४५ सेंमी. ओल्या मातीचा घनमीटर सुमारे १६०० किलो धरला, तर उत्तर २०० किलोच्या आसपास येते. टेम्पोवाल्याला हे आधी सांगितलेले बरे.

शिवाय बदलीचा हुकूम चार महिने आधी कोणाला मिळतो? म्हणून माझे मत गुटी कलमाच्या बाजूने आहे. पेन्सिलीएवढ्या फांदीवरची दोन-अडीच सेंमी साल गोल काढून तेथे ओले शेवाळ प्लॅस्टिकने बांधतात. काष्ठातून पाणी वर जातच राहते. पानांत तयार झालेली साखर मात्र सालीतून खाली उतरू शकत नाही. ती काढलेल्या सालीच्या वर साचते, तिथेच मुळे फुटतात. लिंबू, डाळिंब, पेरू यांना हे चांगले साधते. रोप जनुकीयदृष्ट्या तेच झाड असते, आणि हातात धरून एसटीने नेता येते. पावसाळ्याच्या सुरुवातीला बांधलेली गुटी साधारण दोन महिन्यांत उतरवण्याजोगी होते.