जुना लिनिअर, नवी रिग: पिन बसली म्हणून जोडू नका

बेळगावात कॅम्पातल्या एखाद्या जुन्या बंगल्याच्या माळ्यावर हीथकिटचा एसबी-200 किंवा एसबी-220 सापडला, तर कुठल्याही हॅमचे हात शिवशिवणारच. 1960-70च्या दशकांतले हे व्हॉल्व्हचे लिनिअर (रिगची पॉवर वाढवणारे अँप्लिफायर) आजही दणकट आहेत. पण त्यांना आजची रिग, म्हणजे ट्रान्सीव्हर, जोडताना काही समजुती महागात पडतात.

गैरसमज: रिगचा सेंड जॅक आणि लिनिअरचा रिले जॅक, दोन्हीकडे सारखीच फोनो पिन आहे, म्हणजे केबल थेट चालेल.
वस्तुस्थिती: खरा धोका याच बारीक केबलमध्ये आहे. जुन्या लिनिअरच्या रिले जॅकवर शंभराहून अधिक व्होल्ट असतात. एसबी-220मध्ये धन, एसबी-200मध्ये ऋण. त्या काळच्या रिगमधला रिले ते सहज पेलायचा. आयकॉम आयसी-7300च्या सेंड जॅकची मर्यादा मात्र 16 व्होल्ट, अर्धा अँपिअर. म्हणून मध्ये 12 व्होल्टांचा छोटा रिले घाला. रिगने फक्त त्याची कॉइल चालवावी आणि लिनिअरची लाइन त्याच्या सुट्या संपर्कांनी जोडावी. कॉइलवर उलटा डायोड हवाच. जुना रिले सावकाश बसतो, त्यामुळे रिगमधला टीएक्स डिलेही वाढवा. नाहीतर संपर्क जुळण्याआधीच ड्राइव्ह पोचतो.

गैरसमज: एएलसीची (रिगचा ड्राइव्ह आपोआप आवरणारी) तार जोडलीच पाहिजे.
वस्तुस्थिती: आयसी-7300ला एएलसीसाठी 0 ते उणे 4 व्होल्ट लागतात, जुना लिनिअर त्याहून जास्त ऋण व्होल्टेज देऊ शकतो. ती तार न लावता रिगची पॉवर कमी ठेवा आणि ग्रिड करंटवर नजर ठेवून ड्राइव्ह हळूहळू वाढवा.

गैरसमज: प्लग काढला की आत हात घालायला हरकत नाही.
वस्तुस्थिती: आत दोन ते तीन हजार व्होल्ट असतात. ब्लीडर रेझिस्टर तुटलेला असेल, तर प्लग काढल्यावरही कपॅसिटर भारलेले राहतात. मीटरवर शून्य दिसू द्या, मग अर्थ केलेल्या काठीने शॉर्ट करा, आणि हे काम एकट्याने करू नका. बेळगावच्या पावसाळी दमटपणात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या यंत्राला एकदम पूर्ण व्होल्टेज देऊ नका. ट्रान्सफॉर्मरची जोडणी 120ची आहे की 240ची, तेही आधी पाहा.

गैरसमज: यंत्र देईल तेवढी पॉवर वापरता येते.
वस्तुस्थिती: एसबी-220चा इनपुट एसएसबीवर 2000 वॅट पीईपी आहे. भारतात जनरल ग्रेडच्या परवान्याला एचएफवर 400 वॅटची मर्यादा आहे, रिस्ट्रिक्टेडला त्याहून बरीच कमी. मर्यादा परवान्याची पाळायची, यंत्राची नव्हे.

पहिल्यांदा जोडण्याआधी लिनिअरच्या रिले जॅकवरचा व्होल्टेज मोजा आणि रिगच्या पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून पाहा. तो जास्त भरला, तर मधला रिले बसवल्याशिवाय केबल लावूच नका.