पांडेसऱ्यात एक अंधारखोली हवी

सुरत म्हटली की मराठी माणसाला १६६४ आणि १६७० ही दोन साले आठवतात. शिवछत्रपतींच्या त्या दोन स्वाऱ्यांचा अभिमान बाळगण्यात गैर काही नाही. परंतु त्या अभिमानाच्या भरात आजची मराठी सुरत आपल्या नजरेआड राहावी, हे मात्र बरे नव्हे. ही सुरत उधना, लिंबायत, डिंडोली आणि पांडेसरा या भागांत राहते. धुळे, नंदुरबार आणि जळगाव या जिल्ह्यांतून, तापीच्या खोऱ्यातील रेल्वेने, पोटापाण्यासाठी ती येथे आली. पांडेसऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत कापड रंगविण्याचे आणि छापण्याचे कारखाने रांगेने उभे आहेत. तेथे बारा-बारा तासांच्या पाळ्यांत राबणाऱ्या हातांत ओडिशा, उत्तर प्रदेश आणि बिहार येथून आलेल्या हातांबरोबर खानदेशी हातही पुष्कळ आहेत. गल्लीत अहिराणी कानी पडते, आणि या कामगारांची कितीतरी मुले महापालिकेच्या मराठी शाळांत शिकतात.

देशभर नेसल्या जाणाऱ्या साड्यांवर फुले आणि वेलबुट्ट्या उमटविणाऱ्या या माणसांची स्वतःची चित्रे कोठे आहेत? ओळखपत्रावर अंगठ्याएवढा चेहरा असतो, लग्नाच्या अल्बममध्ये गर्दीतला एक कोपरा असतो, आणि बाकीचे सारे मोबाइलमध्ये असते. तो हरवला किंवा बिघडला की दहा वर्षांचे आयुष्य त्याच्याबरोबर जाते. शंभर वर्षांनी कोणी विचारले की पांडेसरा उभा करणारी माणसे दिसत कशी होती, तर त्याच्यापुढे ठेवायला आपल्यापाशी काय असेल? या प्रश्नाला आम्ही आज एक उत्तर सुचवू इच्छितो. पांडेसऱ्यातील तरुणांनी मोठ्या आकाराच्या फिल्मवरील छायाचित्रण शिकावे आणि त्यासाठी तेथे एक सामाईक अंधारखोली उभी राहावी, असे आमचे मत आहे.

हे वाचून काही वाचक हसतील. ज्या कॅमेऱ्याला आपल्या आजोबांच्या काळातील छायाचित्रकारही मागे टाकून गेले, तो आता कामगारवस्तीत कशाला, असे ते विचारतील. म्हणून हा कॅमेरा म्हणजे काय, ते प्रथम सांगितले पाहिजे. पुढे लेन्स, मागे घासलेली काच आणि मध्ये हार्मोनियमसारखा घड्यांचा भाता, एवढाच त्याचा सांगाडा. तिपाईवर ठेवून, डोक्यावर काळे कापड घेऊन काचेत पाहावे, तर समोरचे दृश्य उलटे दिसते. भाता पुढेमागे सरकवून चित्र रेखीव करावयाचे, मग काचेच्या जागी फिल्मची चौकट घालावयाची आणि एकच चित्र घ्यावयाचे. फिल्मचा रूढ आकार ४×५ इंच. नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मवरील चित्राच्या मानाने हे क्षेत्र तेरा-चौदा पट भरते. ८×१० इंचांची फिल्म त्याच्याही चौपट. त्यामुळे कपाळावरची सुरकुती, सदऱ्यावरचा रंगाचा डाग, नखात बसलेली निळाई, हे सारे त्या चित्रात वाचता येते.

मोबाइलवर दिवसाला दोनशे चित्रे निघतात, येथे तासाला एक निघते, हा आक्षेप खरा आहे. तथापि आमच्या मते हीच त्या कॅमेऱ्याची थोरवी होय. एकच फिल्म हाती असताना मनुष्य आधी विचार करतो. समोरच्याला आपण काय करीत आहोत ते सांगावे लागते, त्याची संमती घ्यावी लागते, त्याला क्षणभर स्थिर उभे राहण्याची विनंती करावी लागते. ज्याला मुकादम दिवसभर 'चल, हो पुढे' म्हणतो, त्याला कोणीतरी 'जरा थांबा, आपल्याला नीट पाहू द्या' म्हणावे, यात छायाचित्रणाहून काहीतरी अधिक आहे. शिवाय नीट धुतलेली फिल्म पेटीत ठेवली तर पिढ्यान्‌पिढ्या टिकते, आणि ती पाहायला कोणत्याही यंत्राची गरज पडत नाही. खिडकीचा उजेड पुरतो.

आता पांडेसराच का, याविषयी. कापडछपाई ही छायाचित्रणाचीच सख्खी बहीण आहे, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. छापण्याच्या जाळीवर प्रकाशसंवेदी लेप चढवितात, त्यावर नक्षीची फिल्म ठेवून तीव्र प्रकाश देतात. प्रकाश लागतो तेथे लेप कठीण होतो. नक्षीचा काळा भाग आड येतो तेथे तो पाण्याने धुऊन जातो, आणि त्या वाटेने रंग कापडावर उतरतो. ही नक्षीची फिल्म करण्यासाठी एके काळी भला थोरला प्रोसेस कॅमेरा वापरीत. वृत्तपत्रांच्या छापखान्यांतही तोच असे. आता संगणकावर चालणारी यंत्रे आली आणि ही कला हातांतून निसटू लागली आहे. परंतु पिवळ्या दिव्याखाली लेप चढविलेला, प्रकाशाची सेकंदे मोजलेली माणसे वस्तीत आजही भेटतील. छायाचित्रणाचा अर्धा पाठ त्यांना आधीच येतो. कोणी तो त्यांच्याकडून वदवून घेतलेला नाही, एवढेच.

या नात्याला इतिहासाचाही आधार आहे. १८६३ साली सुरतेत जन्मलेले रसायनज्ञ त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे बडोद्याच्या कलाभवनाचे प्रमुख होते. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८९० साली सुरू झालेल्या या संस्थेत रंगकाम आणि रसायन यांचे शिक्षण मिळे. तेथेच धुंडिराज गोविंद फाळके नावाचा मराठी तरुण शिकला. त्याने कॅमेरा हाती घेतला. गज्जरांनी त्याला ठसे करण्याची विद्या शिकण्यासाठी रतलामला पाठविले आणि पुढे कलाभवनाची अंधारखोली व प्रयोगशाळा त्याला वापरू दिली. १८९५च्या सुमारास फाळक्यांनी गोध्र्यास छायाचित्रणाचा धंदा मांडला. पुढे बडोद्यात, कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो अशी अफवा उठल्याने तो चालेना. याच फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. सुरतेच्या एका गुरूने एका मराठी तरुणाला अंधारखोलीची किल्ली दिली, त्यातून पुढे काय घडले हे सर्वश्रुत आहे. त्याच्याही आधी, १८५४ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या फोटोग्राफिक सोसायटीत डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय सभासद होते. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे हे बंधू; त्यांचे घराणे आमच्या गोमंतकातील. तेव्हा ही विद्या आपल्याला परकी आहे, असे कोणी म्हणू नये.

आरंभ कसा करावा? महागड्या परदेशी कॅमेऱ्यापासून करू नये. केरळात अलेप्पीच्या वागीश्वरी कॅमेरा वर्क्सने गेल्या शतकाच्या चाळिशीत सागवानी कॅमेरे बनविण्यास आरंभ केला. त्या घराण्याचा मूळ धंदा वाद्ये दुरुस्त करण्याचा. पेटीचा भाता शिवता येतो म्हणून कोणी कॅमेऱ्याचा फाटका भाता घेऊन आले आणि तेथून हा उद्योग सुरू झाला. ज्या वस्तीत सुतार आहे, शिंपी आहे आणि पेटी वाजविणारी भजनी मंडळी आहेत, तेथे कॅमेऱ्याचा सांगाडा होणार नाही असे मुळीच नाही.

पहिला कॅमेरा तर लेन्सविनाही होतो. आतून काळी केलेली पेटी घ्यावी, पुढे पातळ पत्र्याला सुमारे अर्ध्या मिलिमीटरचे छिद्र पाडावे आणि पंधरा सेंटिमीटर मागे छायाचित्रणाचा कागद लावावा. भर उन्हात मिनिटभराने कागदावर उलट छाया उमटते. माणूस मिनिटभर स्थिर राहणार नाही, म्हणून आरंभी कारखान्याचे फाटक, धुराडे, चाळीचा जिना यांची चित्रे घ्यावीत. हात बसला की जुनी लेन्स शोधावी. तिला शटर नसले तरी अडत नाही. छिद्र बारीक करून सावलीत सेकंदभराचा अवकाश घेतला, तर लेन्सचे झाकण काढून पुन्हा लावणे एवढेच शटर पुरते.

फिल्मचा खर्च ही खरी अडचण आहे. आपल्या देशात उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' शिक्का होता. १९६० साली स्थापन झालेला तो सरकारी कारखाना बंद पडला, आणि आयात केलेल्या ४×५ फिल्मच्या पंचवीस तुकड्यांच्या खोक्याला काही हजार रुपये पडतात. कामगाराच्या मुलाने ते कोठून आणावेत? त्यावर क्ष-किरणांची फिल्म हा तोडगा जगभरचे नवशिके वापरतात. ती स्वस्त असते, मंद लाल दिव्यात कापता येते आणि थाळीत डोळ्यांदेखत धुता येते. तिचे दोषही सांगितले पाहिजेत. बहुधा दोन्ही बाजूंना लेप असल्याने तिच्यावर चटकन ओरखडे पडतात, आणि लाल रंग तिला दिसत नसल्याने कपाळावरचे कुंकू आणि लाल साडी चित्रात काळी येते. तिचा वेग खोक्यावर लिहिलेला नसतो. म्हणून चौकटीची झाकपट्टी टप्प्याटप्प्याने सरकवीत एकाच फिल्मवर पाच निरनिराळे अवकाश द्यावेत आणि योग्य तो वहीत नोंदवावा. वहीवाचून हा छंद म्हणजे केवळ पैशाचा चुराडा होय.

धुण्याची रसायने पांडेसऱ्याला अपरिचित नाहीत. एक लिटर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स २ ग्रॅम, हे डी-७६ नावाच्या प्रसिद्ध विकासकाचे सूत्र आहे. विकास थांबविण्यासाठी लागणारे ॲसेटिक ॲसिड रंगखात्यात रोजच्या वापरात असते. चित्र स्थिर करणारा हायपो कापडाच्या विरंजनानंतर उरलेला क्लोरीन मारण्यास वापरतात. मात्र कारखान्याच्या पिंपातला माल न उचलता शुद्ध प्रतीची रसायने विकत आणावीत, तीव्र आम्ल नेहमी पाण्यात घालावे, आम्लात पाणी कधीही ओतू नये, आणि खोलीत हवा खेळती ठेवावी. विकासकाचे तापमान २० अंशांच्या आसपास हवे. सुरतेच्या वैशाखात नळाचे पाणी त्याहून कितीतरी ऊन असते, म्हणून थाळी बर्फाच्या पाण्यात ठेवावी लागते. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते. तो गटारात ओतू नये. आधीच रंगांनी गांजलेल्या तेथील खाड्यांवर आणखी एक भार घालण्याचा अधिकार कोणत्याही छंदाला नाही. तो साठवून चांदी काढणाऱ्याकडे द्यावा. शेवटी फिल्म कागदावर ठेवून, वर काच दाबून प्रकाश दिला की ठसा मिळतो. मोठ्या फिल्मला वर्धकयंत्राची गरज नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. दक्षिण गुजरातच्या श्रमिकांची छायाचित्रे कोणी घेतलीच नाहीत, असे नाही. यान ब्रेमन आणि अरविंद दास यांच्या 'डाउन अँड आउट' या २०००च्या ग्रंथात रवी अगरवाल यांची छायाचित्रे आहेत, आणि ते काम आदराने पाहण्याजोगे आहे. परंतु बाहेरून आलेल्याने कितीही सहृदयतेने पाहिले, तरी घरच्या माणसाचे पाहणे निराळे. जर्मनीचा आउगुस्ट झांडर खाणकामगारांच्या गावात वाढला आणि लहानपणी स्वतः खाणीवर राबला. तेथेच एका छायाचित्रकाराच्या हाताखाली त्याला कॅमेऱ्याची ओळख झाली. पुढे त्याने मोठ्या कॅमेऱ्याने शेतकरी, गवंडी, आचारी, वकील, बेकार अशा सर्वांची चित्रे सारख्याच आदराने घेतली. १९२९ साली त्यांतील साठ चित्रांचे पुस्तक निघाले. १९३६ साली नाझी राजवटीने त्याचे छपाईचे साचे नष्ट केले. साध्या माणसांच्या सरळ उभ्या राहिलेल्या चेहऱ्यांचे सत्तेला एवढे भय का वाटावे, याचा विचार ज्याने त्याने करावा.

आमची सूचना लहान आहे. पांडेसऱ्यातील एखाद्या मराठी मंडळाने, वाचनालयाने किंवा शाळेने दहा बाय दहाची एक खोली, पाण्याचा नळ, लाल दिवा आणि एक सामाईक कॅमेरा यांची सोय करावी. सुटीच्या दिवशी दहा मुलांनी तेथे जमावे. रंगखात्यातून निवृत्त झालेल्या एखाद्या कारागिरास गुरू म्हणून बोलवावे. ज्याचे चित्र घेतले त्याला एक ठसा द्यावा, आणि मूळ फिल्म नाव, गाव, खाते व तारीख यांसह जपावी. ज्याला नाव नको असेल त्याचे नाव लिहू नये. यातून रोजगार मिळेल असे आश्वासन आम्ही देणार नाही. बारा तासांची पाळी कॅमेऱ्याने आठ तासांची होत नाही, आणि वेतनाचा प्रश्न चित्राने सुटत नाही. त्यासाठी वेगळेच लढे द्यावे लागतात. परंतु लढणाऱ्यालाही आपला चेहरा ठाऊक असावा लागतो. दुसऱ्यांच्या अंगावरची फुले छापण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांची स्वतःची एक तरी स्वच्छ छाया मागे राहावी, एवढी मागणी अवाजवी आहे असे आम्हांस वाटत नाही.