तारेची तीन कामे

एमआरआय यंत्रात रोग्याच्या अंगावर एक चपटे आवरण ठेवतात, त्यात कॉइल असते. नाव होते ते अवाढव्य चुंबकाचे. पण चित्रासाठी ऐकण्याचे काम ही कॉइल करते. १.५ टेस्लाच्या चुंबकात शरीरातील हायड्रोजनची अणुकेंद्रे सुमारे ६४ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींनी चेतवली जातात आणि त्याच कंपनाचा अतिक्षीण प्रतिसाद देतात. तो ऐकणारा कान म्हणजे कॉइल.

कान लहान व जवळ असला, की साऱ्या शरीराचा गलबला त्याच्या वाट्याला येत नाही. म्हणून १९९० साली रोमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक लहान कॉइली शेजारी मांडून सर्वांचे म्हणणे एकत्र जुळविण्याची पद्धत पुढे आणली. हे तत्त्व आम्हां कामगारांना काही नवे नाही! आज ३२ कॉइलींचे संच वापरात आहेत.

परंतु कॉइली वाढल्या तशा ताराही वाढल्या. जुडगा जड होतो, आवरण अंगाला नीट बसत नाही. शिवाय यंत्राच्या रेडिओलहरींनी तारेत प्रवाह उत्पन्न होऊन ती तापू शकते, व कातडीला टेकली तर भाजते. मग तार काढूनच का टाकू नये?

कोणतीही जागा रद्द करण्यापूर्वी त्या जागेवरचा माणूस काय काय करीत होता, हे मोजावे. तार तीन कामे करते.

पहिले, संदेश नेणे. प्रत्येक कॉइलीचे सेकंदाला १० लाख नमुने व प्रत्येक नमुन्याचे ३२ बिट धरले, तर ३२ कॉइलींचे सेकंदाला सुमारे १०० कोटी बिट होतात. एवढे सारे हवेतून, न चुकता, धाडावयाचे.

दुसरे, कॉइलीजवळच्या वर्धकाला वीज पुरविणे. साध्या बॅटरीत निकेल वा पोलाद असले तर चुंबक ती ओढतो. तेव्हा अचुंबकीय बॅटरी हवी, किंवा वीजही बिनतारी पोचवावी लागते, आणि तीही क्षीण प्रतिसादात खरखर न मिसळता.

तिसरे काम सर्वांत नाजूक: वेळ कळविणे. गिरणीच्या भोंग्यावर सारी पाळी चालावी, तसे प्रत्येक कॉइलीचे घड्याळ यंत्राशी जुळले पाहिजे. ६४ मेगाहर्ट्झचे एक आवर्तन सुमारे १६ अब्जांश सेकंदाचे. त्यात एका अब्जांशाची चूक म्हणजे सुमारे २३ अंशांचा फरक. तेवढ्याने चित्र बिघडते.

काही यंत्रांत कॉइलीजवळच प्रतिसादाचे अंक करून ते काचतंतूतून प्रकाशाने नेतात. पहिल्या कामापुरती तांब्याची तार तेथे सुटली. पूर्ण बिनतारी कॉइलीचे पुष्कळसे काम मात्र अजून प्रयोगशाळांतच चालू आहे.

तात्पर्य, तार गेली तरी तिची कामे उरतात. ती तिन्ही चोख झाली, तर तंत्रज्ञाचा भार हलका होईल आणि रोग्याच्या अंगावरचे ओझे व भाजण्याचे भय कमी होईल. बिनतारी कॉइलीचे मोल याच कसोटीवर ठरावयाचे.