लेव्हलची गाडी भरताना आणि ढकलताना

आजचा विषय जरा वेगळा आहे. गावात ८ मार्चचा महिला मेळावा असो, शाळेचं गॅदरिंग असो की गौरी-गणपतीचा कार्यक्रम, स्टेजवर उंचवटा करायला लाकडी चौथरे मांडतात. नाटकवाले त्यांना लेव्हल म्हणतात. लाकडी किंवा लोखंडी चौकट, वर प्लायवूड, खाली पाय, अशी ही लेव्हल. मागच्या रांगेतल्या बाया दिसाव्यात, पाहुण्यांची खुर्ची उंच बसावी, म्हणून ती लागते.

पुण्यात या लेव्हल्सचा राबता मोठा. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली सुरू झालं. भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका होतात, ती स्पर्धा १९६३ पासूनची. अशा ठिकाणी पडदा उघडायच्या आधी आणि पडल्यानंतर कोणीतरी लेव्हल्स वाहतच असतं. आपल्या पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावचे तमाशाचे फड तर अख्खं स्टेज ट्रकमध्ये घालून गावोगाव फिरतात. प्रेक्षकांना नाटक दिसतं, वग दिसतो. ओझं वाहणारे हात दिसत नाहीत.

आता हे काम आपल्या बायकांच्या हातीही आलं आहे. मांडवाचं आणि स्टेजचं सामान भाड्याने देणं हा बचत गटांना जमण्यासारखा धंदा आहे. पण धंद्यात कमावलेलं एका मोडलेल्या बोटापायी किंवा धरलेल्या कमरेपायी दवाखान्यात जायला नको. म्हणून ही माहिती नीट ऐका.

आधी वजनाचा हिशेब करू. सहा फूट बाय तीन फूट लेव्हल घ्या. जाड प्लायची फळीच अठरा-वीस किलो भरते. चौकट आणि पाय धरले की तीस-पस्तीस किलो, म्हणजे पाण्याने भरलेले दोन हंडे. अशा दहा लेव्हल्स गाडीवर चढवल्या तर तीन-साडेतीन क्विंटल झाले, सिमेंटची सहा-सात पोती. चाकांवर हे ओझं हलकं वाटतं. पण गाडी एकदा चालू लागली की थांबवायला तितकीच ताकद लागते, हे विसरायचं नाही.

गाडी भरण्याआधी रिकामी तपासा. चारही चाकं फिरवून बघा. चाकात सुतळी, केस, चिंध्या अडकल्या असतील तर काढा. ब्रेक लावून गाडी ढकलून पाहा, हलली तर ब्रेक गेला. गाडी सपाट जागी उभी करा आणि भरताना ब्रेक लावलेलाच ठेवा. ब्रेक असला तरी चाकाला दगड लावा. बैलगाडी उभी करताना आपण चाकाला उटी लावतो, तसंच हे. मग ज्या वाटेने जायचं ती वाट चालून या. खड्डा, वायर, उंबरा, ओली फरशी, खेळणारी पोरं, सगळं आधी बघा.

आता अंगावरचं. पदर खोचा, ओचा वर घ्या. मंगळसूत्र ब्लाऊजच्या आत घाला. काचेच्या बांगड्या कामापुरत्या काढून ठेवल्या तर उत्तम, नाहीतर वर सारून रुमाल बांधा. पायात पुढून बंद चप्पल किंवा बूट हवेत. हातमोजे असतील तर घाला, कारण प्लायची शिलक नखाखाली गेली की ठणका लागतो.

एक लेव्हल दोघींनी उचलायची, एकटीने कधीच नाही. शक्यतो सारख्या उंचीच्या दोघी घ्या, नाहीतर सगळा भार बुटकीवर येतो. लेव्हलचे पाय दुमडते असतील तर आधी दुमडून खिट्टी लावा. उचलताना गुडघ्यात वाका, पाठ सरळ ठेवा, ओझं अंगाजवळ घ्या. एकीने मोजायचं, "एक, दोन, उचल". ठेवतानाही तसंच, "एक, दोन, ठेव". बोटं चिरडतात ती बहुतेक ठेवताना. एक कड आधी टेकवा, हात काढा, मग दुसरी कड सोडा. वळायचं झालं तर पाय उचलून वळा. पाय जागेवर ठेवून कंबर पिळू नका.

गाडी भरायची रीत बैलगाडीसारखीच आहे. माल मागे जास्त झाला की बैलगाडी उलाळ होते, पुढे जास्त झाला की बैलांच्या मानेवर भार येतो. इथेही भार मधोमध हवा. मोठ्या आणि जड लेव्हल्स खाली, लहान आणि हलक्या वर. कडा एकावर एक येऊ द्या, बाहेर काही डोकावू देऊ नका. थर किती उंच करावा? गाडीच्या रुंदीपेक्षा जास्त उंच नको. तीन फूट रुंद गाडी असेल तर तीन फुटांचा थर. ओझं जितकं वर जातं तितकी गाडी लवकर कलंडते. शिवाय ढकलणारीला पुढचं दिसायला हवं.

काही गाड्यांवर लेव्हल्स उभ्या ठेवतात. तिथे दोन्ही बाजूंना सारख्या भरायच्या, एक इकडे, एक तिकडे. उतरवतानाही तोच नियम. एका बाजूच्या सगळ्या काढल्या की दुसऱ्या बाजूच्या भाराने उभी गाडी अंगावर येते. ही चूक घाईत होते, कार्यक्रम संपल्यावर, रात्री, थकल्यावर होते.

सगळं भरलं की दोर किंवा पट्टा घट्ट बांधा. लहानशा खड्ड्यानेही वरची फळी सरकते.

आता ढकलणं. गाडी ओढू नका, ढकला. ओढताना चाक आपल्याच टाचेवर येतं आणि पाठीमागचं दिसत नाही. दोघी मागून ढकलतील, तिसरी बाजूने पुढे चालून वाट सांगेल. तिने गाडीच्या समोर चालायचं नाही. चाल सावकाश. उंबऱ्याशी थांबा, फळी टाका, मग सरळ चढवा, तिरपी चढवू नका. उतार असेल तर माल निम्मा करून दोन खेपा करा, आणि उताराच्या खालच्या बाजूला कोणीही उभं राहू नका. उतार मोठा असेल तर गाडीचा नाद सोडा, दोघी-दोघींनी लेव्हल्स हाताने न्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. गाडी कलंडू लागली तर धरायला जाऊ नका. आपला स्वभाव असा की पातेलं निसटलं तरी हात पुढे जातो. पण तीन क्विंटल ओझं दोन हातांनी थांबत नाही. "सोडा!" असं ओरडायचं आणि बाजूला व्हायचं. प्लाय फुटलं तर नवं आणता येतं.

हे काम कोणी करू नये? दिवस गेलेल्या, नुकत्या बाळंत झालेल्या, पोटाचं ऑपरेशन झालेल्या आणि अंग बाहेर येण्याचा त्रास असलेल्या बायांनी जड उचलू नये. हे सांगायला लाजायचं नाही, आणि बाकीच्यांनी "नाटकं करते" म्हणायचं नाही. तिच्याकडे वही द्या. लेव्हल्स मोजणं, खिट्ट्या आणि दोर परत आले का बघणं, वाट मोकळी ठेवणं, हेही कामच आहे.

ओझ्याला मर्यादा असते, ही गोष्ट पुण्यातल्या हमालांनी भांडून मांडली. बाबा आढाव यांनी उभी केलेली हमाल पंचायत तुम्ही ऐकली असेल. शंभर किलोचं पोतं पाठीवर नको, ते पन्नास किलोचं करा, ही मागणी हमालांच्या चळवळीने लावून धरली. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कामगारांसाठी कायदा झाला. त्याआधीच्या १९४८ च्या कारखाना कायद्यातही, इजा होईल इतकं जड ओझं कोणाला उचलायला लावू नये, असं कलम होतं. आपला गट काही कारखाना नव्हे. पण अंग तर तेच आहे ना?

म्हणून भाडं ठरवताना लेव्हलचं भाडं वेगळं आणि चढवण्या-उतरवण्याची हमाली वेगळी लावा. "बाया आहेतच की" म्हणून ती फुकटात जाऊ देऊ नका. किती जणी लागतील ते आधी सांगा. माणसं कमी असतील तर वेळ जास्त घ्या.

घरी आणल्यावर गाडी भिंतीलगत, सपाट जागी ठेवा. ब्रेक, उटी, दोर तिन्ही लावा. पोरांना तिच्यावर चढू देऊ नका. पावसाळ्यात ओल लागू देऊ नका, भिजलेलं प्लाय जड होतं आणि फुगून फुटतं.

पुढच्या मासिक बैठकीला एवढं करा. रिकामी गाडी आणा, दोन लेव्हल्स चढवा, उतरवा, "एक, दोन, उचल" आणि "सोडा" हे दोन्ही आवाज मोठ्याने म्हणून बघा. एकदा सवय झाली की कार्यक्रमाच्या रात्री तोंडातून आपोआप निघतील. सांभाळून राहा, मैत्रिणींनो. नमस्कार.