नराची राखण संपते तेथून

घरात मत्स्यपेटी मांडली की काही आठवड्यांतच तिच्या काचांवर शेवाळाचा हिरवा थर चढू लागतो आणि पेटीचा धनी दुकानदाराकडे उपाय विचारावयास जातो. उत्तर बहुधा ठरलेले असते: एक ‘सकर’ सोडा, काच स्वच्छ राहील. सकर म्हणजे बिनपगारी सफाई कामगार, ही समजूत अशी रूढ झाली. वस्तुतः या एकाच नावाखाली निरनिराळे मासे विकले जातात आणि त्यांतील भेद न ओळखण्याची किंमत घराबाहेरच्या नद्यांना मोजावी लागत आहे.

यांपैकी दोन मासे विशेष परिचयाचे. दोन्ही मूळचे दक्षिण अमेरिकेतील व एकाच कुळातील. दोहोंचे तोंड काचेला चिकटणारे आणि अंगावर हाडांच्या पट्ट्यांचे चिलखत. पहिल्याच्या पाठीवरचा पर शिडासारखा उंच असतो. दुकानात तो बोटाएवढा दिसतो. परंतु वाढत वाढत दीड फुटापर्यंत जातो. मग पेटी अपुरी पडते आणि जीवदानाचे पुण्य समजून त्याला जवळच्या तळ्यात वा नदीत सोडले जाते. पूर्व कोलकात्याच्या पाणथळीत, आंध्र प्रदेशातील जलाशयांत आणि महाराष्ट्रात उजनीच्या पाण्यातही या माशाने आज ठाण मांडले आहे. त्याच्या काटेरी चिलखताने कोळ्यांची जाळी फाटतात, काठात पोखरलेल्या त्याच्या बिळांनी माती ढासळते आणि जाळ्यात आला तरी बाजारात त्याला मोल नसते.

दुसरा मासा ब्रिसलनोज. तो सुमारे पाच इंचांवर थांबतो, म्हणूनच घरगुती पेटीला तो मानवतो. पूर्ण वाढलेल्या नराच्या तोंडावर मांसल तंतूंचे झुपकेच उगवतात. मादीला ते नसतात, किंवा ओठाच्या कडेला अगदी आखूड असतात. या तंतूंचे प्रयोजन काय असावे, याविषयी १९९९ मध्ये सबाज, आर्मब्रस्टर व पेज या अभ्यासकांनी एक वेधक तर्क मांडला. हे तंतू लहान पिल्लांसारखे भासतात. पिल्ले सांभाळणारा नर मादीला अधिक पसंत पडतो. तेव्हा हा नर जणू वात्सल्याची खूणच तोंडावर मिरवत असतो.

या माशाची वीण घरात होणे फारसे अवघड नाही. पाण्याचे तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस, खरवडण्यासाठी लाकडाचा एखादा ओंडका आणि लपण्यासाठी अंधारी पोकळी, मग ती आडवे ठेवलेले मातीचे भांडे असो की नारळाची करवंटी, एवढी सिद्धता पुरते. थोडे गार पाणी घालून पाणीबदल केला की पावसाची चाहूल लागल्याप्रमाणे जोडी अनेकदा विणीस प्रवृत्त होते. मादी पोकळीत नारिंगी अंड्यांचा घोस घालून निघून जाते. पुढील सारा भार नरावर. तो परांनी अंड्यांना वारा घालावा तसे पाणी हलवत राहतो आणि बाहेर क्वचितच पडतो. पाच-सहा दिवसांत अंडी फुटतात. पिल्लांच्या पोटाशी पिवळ्या बलकाची पिशवी असते. ती संपेपर्यंत आणखी काही दिवस नर त्यांची राखण करतो.

खरी कसोटी येथून पुढे. पिल्ले पोकळीबाहेर पडली की बापाचे काम संपते आणि पाळणाऱ्याचे सुरू होते. पुष्कळ घरांतून पिल्ले याच सुमारास मरतात, आणि बहुधा दोनच कारणांनी: उपासमार व घाण पाणी. शेवाळावर ती जगतील, ही कल्पना चुकीची. शंभर पोटांना पेटीतले शेवाळ किती काळ पुरणार? उकडलेला पालक, काकडी वा दुधीची चकती त्यांना नित्य मिळावी आणि उरलेला तुकडा कुजण्यापूर्वी काढावा. हे मासे खातात पुष्कळ आणि घाणही तितकीच करतात. त्यामुळे पेटीतील थोडे पाणी वारंवार बदलणे अपरिहार्य ठरते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आधी घालविले पाहिजे. पाणी गाळण्यासाठी स्पंजाची गाळणी उत्तम, कारण तीत पिल्ले ओढली जात नाहीत.

इतके जपल्यावर प्रश्न उभा राहतो संख्येचा. एका विणीत शंभराच्या आसपास पिल्ले होऊ शकतात आणि काही आठवड्यांनी तीच जोडी पुन्हा विणीस लागते. म्हणून पोकळीत भांडे ठेवण्यापूर्वीच त्या पिल्लांची घरे ठरलेली असावीत. ती घेणारे स्नेही वा दुकानदार नसतील, तर नर-मादी वेगळे ठेवावे. ब्रिसलनोज लहान आहे, म्हणून त्याला ओढ्यात सोडणे क्षम्य ठरत नाही. येथील पाण्यात तोही परकाच. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने आक्रमक परकीय प्रजातींची आयात, व्यापार व त्या बाळगणे यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्र शासनास दिला आहे. तथापि सायंकाळच्या अंधारात नदीकाठी पिशवी रिकामी करणाऱ्या हातावर कोणता कायदा नजर ठेवणार? तेथे त्या माणसाचा विवेकच कामी यावयास हवा.

मासा विकत घेताना तो किती वाढतो, हे विचारावे. तो विणीस लावताना त्याची पिल्ले कोठे जातील, हे ठरवावे. एवढे दोन प्रश्न घराघरांतून विचारले गेले, तरी या छंदाचा भार नद्यांवर पडणार नाही.