वाशीमचं बलुतं, न्यूयॉर्कची टिप

खळ्यावर रास पडली की पोती घरात जायच्या आधी सुतार, लोहार, न्हावी, कुंभार यांचा वाटा निघायचा. रिसोड-मानोऱ्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना ते बलुतं अजून आठवतं. ती मेहरबानी नव्हती, वर्षभराच्या कामाचा मोबदला होता. वाशीम जिल्ह्यातून लेकाकडे, लेकीकडे किंवा ग्रूप टूरने परदेशी निघालेल्यांनी अमेरिकेतली टिप याच हिशेबाने समजून घ्यावी.

आकडाच पाहा. तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने ताशी फक्त २.१३ डॉलर दिले तरी चालतं. १९९१ पासून हा दर हललेला नाही! टिप धरूनही कमाई ताशी ७.२५ डॉलरपर्यंत पोचली नाही, तरच उरलेली भर मालकाने घालायची. कॅलिफोर्नियासारखी काही राज्यं पूर्ण किमान वेतन द्यायला लावतात. पण बऱ्याच ठिकाणी वेटरचं घर गिऱ्हाइकाच्या टिपेवरच चालतं. म्हणून बिलाच्या १५ ते २० टक्के द्यायचे. एखादा डॉलर ठेवून उठणं म्हणजे कुणाची तरी मजुरी बुडवणं. आठ-दहा जणांचं कुटुंब जेवायला बसलं असेल तर मात्र बिल नीट वाचा, कारण मोठ्या गटाच्या बिलात अनेक हॉटेलं टिप आधीच लावून टाकतात. आणि याच देशातल्या वॉशिंग्टन राज्याने १९०९ मध्ये टिपेवर चक्क बंदी घातली होती. ती चार वर्षांत उठली.

जपानमध्ये सगळं उलटं! टेबलावर पैसे ठेवून निघालात, तर तुम्ही ते विसरलात असं समजून वेटर मागे धावत येईल. अपवाद र्योकानचा. या जुन्या पद्धतीच्या मुक्कामाच्या घरांत खोलीची व्यवस्था पाहणाऱ्या बाईला, द्यायचेच असतील तर, आल्याआल्या पाकिटातून पैसे देतात. उघडी नोट हातात ठेवणं बरं दिसत नाही. आहेराचं पाकीट देत आलेल्या आपल्या माणसांना हे वेगळं शिकवायला नको.

जर्मनीत मोठी नोट देताना लगेच 'डांके' म्हणू नका. उरलेले पैसे तुम्हीच ठेवा, असा त्याचा अर्थ घेतला जातो. फ्रान्समध्ये सेवेचे पैसे पदार्थाच्या किमतीतच असतात, वर थोडी चिल्लर ठेवली की झालं. लंडनमध्ये बिलावर बहुतेकदा १२.५ टक्के सर्व्हिस चार्ज दिसतो. तो मालकाच्या गल्ल्यात जाईल ही धास्ती आता नको. १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे टिपेचा सगळा पैसा कामगारांना देणं कायद्याने बंधनकारक आहे. फार चांगला कायदा!

इजिप्तमध्ये मात्र सुट्ट्या नोटांची गड्डी हाताशी हवीच. सामान उचलणारा, दार उघडणारा, वाट दाखवणारा, प्रत्येकाची थोडीफार अपेक्षा असते. त्यांना युरोची किंवा डॉलरची नाणी देऊ नका. परकी नाणी बँका बदलून देत नाहीत, त्यामुळे बिचारे पर्यटकांनाच गाठून 'नाणी घ्या, नोट द्या' म्हणतात.

खोली आवरणाऱ्यांना बहुतेक जण विसरतात. अमेरिकेतल्या हॉटेलात त्यांच्यासाठी दररोज २ ते ५ डॉलर ठेवावेत. निघायच्या दिवशी एकदम ठेवलेले पैसे भलत्यालाच मिळू शकतात, कारण आज खोली आवरणारी बाई उद्या सुटीवर असू शकते. सोबत 'थँक यू' लिहिलेली चिठ्ठी ठेवा, म्हणजे पैसे आपल्यासाठीच आहेत हे तिला कळेल.